बिनतळाचं खुराडं की चाकांवरचं?

परसात हलवता येईल असं खुराडं करायचं तर दोन पर्याय समोर येतात: बिनतळाचा तिकोनी सांगाडा, किंवा चाकांवर उचललेलं पक्क्या तळाचं घर.

सांगाडा हलका, दोघांनी धरून ओढला की झालं. कोंबड्या थेट गवतावर राहतात, किडे टिपतात, माती उकरतात; विष्ठेचं तिथेच खत होतं. मात्र एक-दोन दिवसांत जागा बदलायलाच हवी, नाहीतर गवत जळतं. आणि रात्रीचं काय? जमीन उंचसखल असली की कडेखाली फट राहते, घुशीला तेवढी पुरते. कडेबाहेर फूटभर जाळी जमिनीवर अंथरली तर उकरणं थांबतं, पण प्रत्येक वेळी ती उचलून पुन्हा अंथरायची.

चाकांचं घर जड. ओल्या मातीत रुततं, म्हणून चाकं रुंद घ्यावीत. पण खिडक्यांना अर्धा इंची वेल्डेड जाळी, आत बसायला दांडी आणि तीन-चार कोंबड्यांमागे अंड्यांचा एक खोका असला की रात्रीची काळजी मिटते. छपरालगत झरोके हवेतच. विष्ठेतून सुटून आत कोंडलेला अमोनिया वायू कोंबड्यांच्या श्वासाला बाधतो. पातळ षटकोनी जाळी मात्र नको, कुत्रं ती फाडतं.

मी चाकांचंच निवडेन. रात्रीचा पक्का निवारा आधीपासून असेल, तर दिवसापुरता सांगाडा उत्तम.