तीन थरांचा पावसाळी कोट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

कोट गुडघ्याच्या चार बोटं वर येतो. बाहेर नायलॉन, मध्ये पॉलियुरेथेनचा पातळ पडदा आणि आत त्यालाच चिकटवलेलं बारीक विणीचं अस्तर, असे तीन थर एकजीव केलेले आहेत. थंडीसाठी सिंथेटिक भरणीचं आतलं जाकीट चेनने जोडता येतं.

आधी आकड्याबद्दल. लेबलवर 20,000 मिमी लिहिलंय. म्हणजे चाचणीत 20 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब कापडाने सोसला. वरून पडणाऱ्या पावसाचा दाब याच्या पासंगालाही पुरत नाही. दाब वाढतो तो पाठपिशवीच्या पट्ट्याखाली, कोपर टेकल्यावर किंवा ओल्या बाकावर बसल्यावर. तिथेही कापडाने ओल आत येऊ दिली नाही. तरी माझं मत असं की रोजच्या वापराला 10,000 भरपूर झाले. त्यापुढच्या आकड्यापेक्षा शिवणी आणि चेनी तपासण्यात वेळ घालवावा.

कारण पाणी शिरलं ते तिथूनच. समोरच्या मुख्य चेनीवर बटणांची पट्टी आहे, ती कोरडी राहिली. छातीवरच्या खिशाची चेन मात्र नुसतीच लेप दिलेली, वर पट्टी नाही. आडव्या पावसात अर्ध्या तासात खिशाच्या तळाशी ओल दिसली. अशा चेनी पाणी अडवतात, पूर्ण रोखत नाहीत. शिवाय वारंवार उघडझाप केली की लेपाला भेगा पडतात. या खिशात फोन ठेवू नये. दुसरी जागा मनगट. छत्री धरून हात वर राहिला की पाणी बाहीतून कोपराकडे उतरतं, आणि आतल्या स्वेटरची बाही बाहेर डोकावत असेल तर ती टीपकागदासारखी पाणी ओढते. स्वेटर आत सारून वेलक्रो घट्ट लावला की प्रश्न मिटतो. वेलक्रोत धागे अडकून पकड कमी झाली तर जुन्या टूथब्रशने साफ करावा.

सहाव्या महिन्यात खांदे आतून दमट लागू लागले. इथे बहुतेक जण कोट गळतो म्हणून टाकून देतात. आधी साधी परीक्षा करावी: खांद्याचं कापड वाडग्यात खोलगट पसरायचं, खाली कोरडा टिश्यू, वरून पेलाभर पाणी, दहा मिनिटं थांबायचं. टिश्यू कोरडा निघाला. म्हणजे आतली ओल घामाची होती. नवीन कोटावर थेंब मोत्यासारखे घरंगळतात ते बाहेरच्या जलरोधक लेपामुळे. पट्ट्याच्या घासण्याने, मळाने आणि त्वचेच्या तेलाने तो लेप निकामी होतो. मग नायलॉन पाणी पितं, गार पडतं, वाफ बाहेर जाईनाशी होते आणि घाम आतल्या बाजूला साचतो.

उपाय धुण्यात आहे. सगळ्या चेनी आणि वेलक्रो बंद करून, 30 अंशांच्या पाण्यात, नेहमीच्या निम्मा द्रव साबण घालून धुवायचा आणि दोनदा खळबळायचा. कपडे मऊ करणारं द्रावण अजिबात नको, त्याचा थर कापडावर राहतो आणि पाणी धरतो. वाळल्यावर ड्रायरमध्ये कमी उष्णतेवर वीस मिनिटं फिरवायचा. लेबल परवानगी देत असेल तर मध्ये सुती कापड घालून, वाफ न सोडता, कोमट इस्त्रीही चालते. उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. या धुण्यानंतर पाठ आणि बाह्या पूर्ववत झाल्या. पट्ट्याखालच्या दोन जागी लेपच उरला नव्हता. तिथे ओलसर कापडावर जलरोधक फवारा मारला, दोन मिनिटांनी जास्तीचा पुसला आणि पुन्हा ऊब दिली. हल्लीचे फ्लोरिनविरहित लेप तेलाला लवकर बळी पडतात, म्हणून कॉलर आधी मळते. पावसाच्या दिवसांत दोन महिन्यांतून एक धुणं हवंच.

मानेमागे शिवणीवरची टेप सेंटिमीटरभर सुटली आहे. तीन शिवणी एकत्र येतात त्या जागी हे आधी होतं, विशेषतः कोट ओला घडी घालून ठेवला तर. एवढं दुरुस्त होतं. पण पॉलियुरेथेनचा पडदा दमट, उबदार कपाटात हळूहळू विघटित होतो, चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात. त्याला इलाज नाही. पूर्ण वाळवून, हँगरवर, मोकळ्या हवेत ठेवावा.

आतल्या जाकिटात अंगाला चौरस मीटरला 100 ग्रॅम आणि बाह्यांना 60 ग्रॅम भरणी आहे. पिसांच्या भरणीपेक्षा जड, पण भिजली तरी गोळे होत नाहीत. भरभर चालताना ते काढावंच लागतं. काखेतली चेन उघडल्यावर फरक लगेच कळतो. खिसे, टोपी ठीकठाक. टोपीचा काठ तारेचा असल्याने डोळ्यांवर येत नाही आणि मान वळवली की टोपीही वळते.

चेन दोन बाजूंनी उघडते. लांब कोटाला हे हवंच, नाहीतर बसताना ताण येऊन खालचे दात उसवतात. फक्त लावताना दोन्ही सरके तळाला टेकलेत ना, ते पाहावं.

माप एक नंबर मोठं घ्यावं. जाकीट आणि जाड स्वेटर घालून हात डोक्यावर नेले तरी मनगटाचं हाड झाकलेलं राहिलं पाहिजे. नेहमीच्या मापात ते दोन बोटं उघडं पडतं.