खारपाणपट्ट्यात 15 लिटरचा गीझर: अख्ख्या हिवाळ्याच्या वापरानंतरचा अनुभव

मॉडेल साधंच आहे. 15 लिटर, 2000 वॅट, ग्लासलाइन्ड (आतून काचेचा लेप असलेली) टाकी, तापमान ठरवायला बाहेर फिरवायचा नॉब, आयएसआय मार्क. पाणी विदर्भातल्या पूर्णा नदीकाठच्या बोअरचं, म्हणजे खारं आणि जड; खारपाणपट्टा म्हणतात तो हाच. योजनेचं गोड पाणी येतं ते पिण्यात जातं, न्हाणीला बोअरच. घराची पाण्याची टाकी स्लॅबवर, नळापासून जेमतेम 3 मीटर उंच. दुकानदार वीजबचतीचे तारे आणि वॉरंटीची वर्षं सांगतो, पण इकडे गीझर टिकतो की जातो ते नॉब, व्हॉल्व्ह आणि आतला रॉड या तिघांवर.

नॉबवर अंश छापलेले नसतात, नुसत्या रेषा असतात. त्या रेषांवर भरवसा नको. लाल दिवा विझला की गरम नळाचं पहिलं मगभर पाणी सोडून द्या, दुसऱ्यात थर्मामीटर धरा. 55 ते 60 अंश जिथे मिळतात तिथे मार्करने खूण करा आणि नॉब तिथेच राहू द्या. पाणी 20 अंशांचं असेल तर 60 अंशांच्या 15 लिटरमधून अंघोळीजोगं, म्हणजे 40 अंशांचं, सुमारे 30 लिटर होतं. 50 वर ठेवलं तर 22 लिटरच. नॉब पूर्ण फिरवला की पाणी वाढतं खरं, पण 60 च्या वर क्षार झपाट्याने बसतो. उलट बाजूला 50 च्या खाली कायम ठेवू नये, कोमट साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात.

20 वरून 60 वर न्यायला साधारण 0.7 युनिट आणि 21 मिनिटं लागतात, पण व्होल्टेज 230 असेल तर. ओलिताच्या दिवसांत, शेतातले पंप चालू असताना, सकाळी 180 मिळालं की 2000 वॅटची कॉईल 1225 वॅटचीच उरते आणि तेच पाणी तापायला 34 मिनिटं जातात. दिवा विझत नाही म्हणून लोक थर्मोस्टॅट (पाणी तापलं की वीज तोडणारा भाग) बदलून बसतात. त्याचा काही दोष नसतो. गीझरसाठी स्टॅबिलायझर घेणं म्हणजे पैसे पाण्यात. कमी व्होल्टेजने कॉईल बिघडत नाही, नुसती उशिरा तापवते. डिजिटल पॅनेलवाला मात्र गावात घेऊ नका, आतलं कार्ड व्होल्टेजच्या चढउताराला टिकत नाही.

सगळ्यात जास्त तक्रार व्हॉल्व्हची येते: “गीझर गळतो.” थंड पाण्याच्या तोंडावर बसवलेला तो व्हॉल्व्ह दोन कामं करतो. पाणी मागे जाऊ देत नाही आणि साधारण 8 बारच्या वर दाब गेला की सोडतो. तापताना 15 लिटर पाणी जवळजवळ पाव लिटर फुगतं. ते थेंबथेंब बाहेर पडणारच. त्या तोटीला बूच मारणं किंवा नळी पिळून बांधणं हा जिवाशी खेळ आहे. नळी उताराने मोरीत सोडा. गीझर बंद असतानाही टपकत असेल तर झडपेत कचरा किंवा क्षार अडकलाय. व्हॉल्व्हची दांडी दोनचारदा उचलून पाणी जोरात सोडलं की बहुतेकदा बसतं. महिन्यातून एकदा दांडी उचलायची सवय ठेवा, नाहीतर ती क्षाराने आवळते. मागे न जाऊ देणारी झडप अडकली तर आणखी वाईट: स्लॅबवरची टाकी रिकामी झाली की गीझरही उलटा रिकामा होतो, आणि कोरडी कॉईल काही मिनिटांत जळते. म्हणून टाकी कोरडी पडल्यावर गरम नळाला धार आल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

आतला मॅग्नेशियम रॉड टाकीऐवजी स्वतः झिजतो. खाऱ्या पाण्यात तो पुस्तकातल्या मुदतीच्या निम्म्यातही संपू शकतो, म्हणून दर हिवाळ्याआधी उघडून बघा. मधली लोखंडी तार दिसायला लागली की बदला. उघडलंच आहे तर रबरी गॅस्केट नवीन घाला आणि बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. कॉईलवरचा पांढरा थर 1 लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम सायट्रिक अॅसिड, म्हणजे किराण्यातलं लिंबूसत्त्व, टाकून भिजवला की सुटतो. संडासाचं अॅसिड वापरू नका, ते तांबंही खातं.

थर्मोस्टॅटच्या नळीवरही हाच थर बसतो. मग तिला उष्णता उशिरा कळते, पाणी ठरल्यापेक्षा जास्त तापतं आणि कटआऊट (अती तापल्यावर वीज तोडणारा बचावाचा स्विच) पडतो. एमसीबी (बोर्डावरचा वीज तोडणारा स्विच) खाली करून, झाकण काढून रिसेट बटण दाबलं की गीझर चालू होतो. पण पुन्हा पडला तर दाबत बसू नका, नळी साफ करा. दिवा लागतो पण पाणी थंडच, तर मल्टिमीटरने कॉईल बघा: 26-27 ओहम असेल तर ठीक, काहीच दाखवत नसेल तर तुटली. कॉईल आणि बॉडीमध्ये ओहम दिसले तर गीझर लगेच काढा.

वायर 2.5 चौरस मिमी तांब्याची, 16 अँपिअरचा एमसीबी, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच तोडणारा स्विच) हवाच. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा. गरम लाईनला सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिक पाइपच घाला, साधा पांढरा पाइप नरम होऊन जोडातून सुटतो.

पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, घरची असेल तर बंबापुढे हा परवडत नाही, हेही खरं. एप्रिलमध्ये स्लॅबवरची टाकीच इतकी तापते की गीझरला हात लावायची गरज नसते. तेव्हा प्लग काढून टाका. दिवाळीनंतर पुन्हा चालू कराल तेव्हा पहिलं पाणी सडक्या अंड्यासारखं वास मारेल. साचलेल्या पाण्यात आणि मॅग्नेशियमने असं होतं. सगळं पाणी काढून टाका, भरून एकदा 70 पर्यंत तापवा, आणि मग नॉब पुन्हा खुणेवर आणा.