कलरीमीटर की स्पेक्ट्रोफोटोमीटर?

रबाळे एमआयडीसीत प्लेटिंगचं युनिट चालवणाऱ्या मित्राने विचारलं, सांडपाण्यातलं क्रोमियम तपासायला कोणतं यंत्र घेऊ?

दोन्ही यंत्रं द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजतात, त्यावरून त्यातल्या पदार्थाचं प्रमाण कळतं. खर्चात कलरीमीटर स्वस्त, वादच नाही. तो फिल्टरने प्रकाशाचा ठरावीक पट्टा निवडतो. स्पेक्ट्रोफोटोमीटर ग्रेटिंगने (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची पट्टी) नेमकी तरंगलांबी. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) डायफेनिलकार्बाझाइड या रसायनाने जांभळट-लाल होतं आणि ५४० नॅनोमीटरला मोजतात. तिथे हिरवा फिल्टर पुरतो. नायट्रेट थेट २२० नॅनोमीटरला मोजायचं असेल, तर मात्र अतिनील स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि क्वार्ट्झचा क्युव्हेट (नमुना ठेवायची छोटी पारदर्शक कुपी) हवाच. काच तो प्रकाश शोषते. या यंत्रातला अतिनील प्रकाश देणारा ड्यूटेरियम दिवाही अधूनमधून बदलावा लागतो, तो खर्च आधीच धर.

मेहनत दोन्हीकडे सारखीच: ब्लँक (मोजायचा पदार्थ नसलेलं द्रावण), स्टँडर्ड (माहीत प्रमाणाची) द्रावणं, स्वच्छ क्युव्हेट. गढूळ नमुना न गाळता ठेवलास तर महागडं यंत्रही चुकीचाच आकडा देईल.

रोजच्या एकदोन ठरलेल्या चाचण्यांना कलरीमीटर घे. बाहेरचे तऱ्हेतऱ्हेचे नमुने तपासणाऱ्या लॅबला स्पेक्ट्रोफोटोमीटरच.