परत मिळालेला सायलेन्सर आतून पोकळ होता

डर्ट बाइकचा एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा पाइप आणि सायलेन्सर) आणि इनटेक (इंजिनात हवा नेणारा भाग) बदलून घ्यायच्या विचारात असलेल्या सातारा, कराड, सांगली भागातल्या पोरांसाठी हे लिहितोय. माझे साडेचौतीस हजार गेले. त्याहून मोठं नुकसान गाडीतून जे काढून नेलं त्याचं झालं, आणि ते बऱ्याच उशिरा उघडकीला आलं. प्रकरण ग्राहक आयोगात आहे म्हणून गॅरेजचं नाव लिहीत नाही. पण त्यांनी काय केलं ते सगळं सांगतो, कारण असली कामं करणारं ते एकटंच गॅरेज नाही.

गाडी हिरोची एक्सपल्स २००, बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांची), दोन व्हॉल्व्हची. कंपनीचा आकडा ८,५०० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) १७.८ बीएचपी पॉवर आणि ६,५०० आरपीएमला १६.४५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. रस्त्याला हे भरपूर झालं. पण एका मित्राच्या पडीक रानात आम्ही माती ओढून ट्रॅक केलाय, तिथल्या चढाला गाडी जरा दमते. (कासच्या सड्यावर गाड्या घालणाऱ्यांतले आम्ही नाही. ते पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या फुलांवरून टायर फिरवणाऱ्याला माझ्या लेखी माफी नाही.) म्हणून ट्रॅकपुरता मोकळा सायलेन्सर आणि चांगला फिल्टर बसवायचा, रस्त्यावर येताना जुना परत लावायचा, असं ठरलं. गॅरेजवाल्याला मी व्हॉट्सअॅपवर तसं लिहूनही दिलं: जुना सायलेन्सर आहे तसा पॅक करून द्या, रस्त्यावर तोच लावणार आहे. हा एक मेसेज पुढे फार कामाला आला.

गॅरेज हायवेच्या कडेला. बाहेर महागड्या गाड्या उभ्या, आत भिंतीला चकचकीत सायलेन्सर टांगलेले. माणूस बोलायला गोड. "दादा, काय बी काळजी करू नका. गाडी न्हेताना वळखायची न्हाय तुम्हाला." सायलेन्सरचे सोळा हजार, पॉवर वाढवते म्हणून गळ्यात मारलेल्या चिपचे साडेनऊ, फिल्टरचे साडेतीन, आणि डायनो (गाडीची पॉवर मोजायचं यंत्र) टेस्टिंग धरून मजुरी साडेपाच हजार. पक्कं बिल घेतलं तर जीएसटी पडेल, कशाला उगीच, म्हणून साध्या पावतीवर "मॉडिफिकेशन काम" एवढंच लिहून दिलं. पैसे यूपीआयने घेतले, तेही तिसऱ्याच माणसाच्या नावावर.

गाडी हातात आली तेव्हा आवाज ऐकून अंगावर काटा आला, हे खरं. मोठ्या आवाजाने गाडी पळाल्यासारखी वाटते आणि असल्या लोकांचा सगळा धंदा त्या वाटण्यावर चालतो. यवतेश्वरच्या घाटात मात्र गाडीने खरं काय ते दाखवलं. जो चढ पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये निघायचा तिथे आता दुसरा टाकावा लागायला लागला. वरच्या आरपीएमला गोंगाट, खालचा ओढा गायब. आणि मातीत गाडी चालवणाऱ्याला हवा असतो तो खालचाच ओढा. सोबत पेट्रोलचा वास आणि मायलेजला मोठी गळती.

गॅरेजवाल्याचं उत्तर तयार होतं. "रनिंग हू द्या, मग बघा." आणि हातात डायनोचा कागद ठेवला. त्यावर ८,५०० आरपीएमला २४.६ बीएचपी.

हा कागद कसा तपासायचा ते प्रत्येकाने शिकून घ्यावं, कारण कुठलाही डायनो न लावता ते करता येतं. पॉवर ही स्वतंत्र गोष्ट नसते, ती टॉर्क आणि आरपीएम यांच्या गुणाकारातूनच येते. न्यूटन मीटरमधल्या टॉर्कला आरपीएमने गुणायचं आणि ७,१२१ ने भागायचं, की बीएचपी मिळतो. माझ्या कागदावर ८,५०० आरपीएमला टॉर्कची रेघ १६ वर होती. १६ गुणिले ८,५०० भागिले ७,१२१, म्हणजे साधारण १९. मग २४.६ आले कुठून? कागद स्वतःशीच खोटं बोलत होता. शिवाय खऱ्या डायनोच्या कागदावर त्या दिवसाचं हवेचं तापमान, दाब, आर्द्रता आणि त्याप्रमाणे आकडा जुळवणारा करेक्शन फॅक्टर छापलेला असतो. इथे त्यातलं काहीच नव्हतं. रेघाही पट्टीने काढल्यागत गुळगुळीत. आणखी एक ध्यानात ठेवा: कंपनी सांगते तो आकडा क्रँकवरचा, म्हणजे थेट इंजिनच्या दांड्यावरचा असतो, डायनो मोजतो मागच्या चाकावरचा, आणि वाटेत गिअरबॉक्स आणि चेनमध्ये काही पॉवर जातेच. त्यामुळे चाकावरचा आकडा कंपनीच्या आकड्याच्या इतका वर दिसला की तिथेच संशय घ्यायचा. एवढ्या लहान इंजिनात नुसता सायलेन्सर, फिल्टर आणि त्याला जुळवलेलं फ्युएलिंग यातून फार तर एक-दोन हॉर्सपॉवर निघतात. सात निघत नाहीत.

मग एमआयडीसीत लेथवर काम करणाऱ्या एका मित्राच्या मामांकडे गाडी नेली. मामा पूर्वी रेसच्या गाड्यांची कामं करायचे. त्यांनी आधी चिप काढली. काळी प्लास्टिकची डबी, वर निळा एलईडी लुकलुकतोय, इंग्रजीत "रेस" असा स्टिकर. तापमानाच्या सेन्सरच्या वायरीत मध्येच जोडलेली. आत सगळा हॉट ग्लू ओतलेला. मामांनी सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने ग्लू बाजूला केला आणि खालून निघाला एकच रेझिस्टर. तपकिरी, काळा, लाल पट्टे, म्हणजे एक हजार ओहम. बाकी एलईडी आणि त्याची वायर. दोन-तीन रुपयांचा माल साडेनऊ हजारांना.

"आरं, ही कसली चिप? हे नुसतं ईसीयूला फशिवतंय," मामा म्हणाले.

फसवतं ते असं. ईसीयू म्हणजे इंजिनला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारा गाडीतला छोटा कॉम्प्युटर. हा सेन्सर थंड असताना जास्त रोध दाखवतो, तापला की कमी. वायरीत वरून एक हजार ओहम घातले की ईसीयूला इंजिन आहे त्यापेक्षा थंड वाटतं, आणि ते जादा पेट्रोल सोडत राहतं. म्हणून तो वास, म्हणून प्लग काजळीने काळा आणि म्हणून मायलेज गेलेलं. खऱ्या रीमॅपमध्ये ईसीयूतला पेट्रोल आणि इग्निशनचा तक्ता आरपीएम आणि थ्रॉटलप्रमाणे बदलतात. ते काम लॅपटॉप जोडून आणि गाडी डायनोवर चढवून होतं. डबी खोचून होत नाही.

सायलेन्सर "टायटॅनियम"चा म्हणून विकलेला. मामांनी खिशातलं लोहचुंबक लावलं, ते टपकन चिकटलं. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही, एवढं एक लक्षात ठेवलं तरी बरेच पैसे वाचतील. टोकाचं "कार्बन फायबर" म्हणजे छापील फिल्म होती आणि उष्णतेने तिची कड सुटायला लागली होती. युरोपातल्या नामांकित कंपनीच्या नावाचा तर नुसता स्टिकर.

फिल्टरचं पाहून मला सगळ्यात जास्त राग आला, कारण तिथे इंजिनच्या जिवाशी खेळ होता. मूळ एअरबॉक्सच्या (फिल्टर बसतो तो डबा) झाकणाला होल-सॉने भोकं पाडलेली. ती आता बुजत नाहीत, झाकणच नवं घ्यावं लागतं. आत "इम्पोर्टेड फोम" म्हणून सोफ्याचा पिवळा फोम कापून चिकटवलेला, तोही कोरडा. फोमच्या फिल्टरला चिकट फिल्टर ऑइल मुरवावंच लागतं, धूळ अडते ती त्या तेलातच. मामांनी फिल्टरच्या पलीकडे, इंजिनकडच्या नळीत पांढऱ्या फडक्याचं टोक फिरवून बाहेर काढलं. फडकं लाल. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडची, कासच्या वाटेची जी लाल धूळ आपल्या कपड्यांवरून निघत नाही, ती थेट सिलिंडरमध्ये जात होती. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचा बोअर घासले जातात ते असे. माझ्या गाडीने ऑइल खायला सुरुवात केली होती आणि शेवटी रिंगा बदलाव्या लागल्या. फिल्टर कुठलाही बसवा, पण पहिल्या धुळीच्या फेरीनंतर त्याच्या मागच्या बाजूला बोट फिरवून बघाच. तिथे कण जरी लागला तरी तो फिल्टर काढून टाका.

वैतागून सगळं उतरवलं आणि जुना सायलेन्सर लावला. हाच तो, गोणपाटात गुंडाळून दिलेला. वाटलं, सुटलो. चिप काढलेली, नवं झाकण आणि कंपनीचा फिल्टर बसवलेला, तरी उभ्या गाडीच्या धुराने डोळे चुरचुरायचे आणि आवाजही थोडा भसाडा. पीयूसीला गेलो तर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा मागच्या सर्टिफिकेटच्या कितीतरी पट. पीयूसीवाल्यानेच विचारलं, "दादा, कॅट काढलाय का?"

पुन्हा मामा. त्यांनी क्लचची जुनी तार घेतली आणि इंजिनकडच्या तोंडातून आत सारायला लागले. कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, विषारी धूर साफ करणारा एक्झॉस्टमधला भाग. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते, तिथे तार अडायला हवी. तार अडली नाही. सरकत सरकत पार पुढे गेली.

"ह्यात जाळीच न्हाय रं. पोकळ केलाय."

हीट शिल्ड (उष्णता अडवणारा वरचा पत्रा) काढल्यावर खाली वेल्डिंगची शिवण दिसली. पाइप कापून जाळी ओढून काढली, परत वेल्डिंग मारलं, ग्राइंडर फिरवला, काळा हीट पेंट मारला आणि वर शिल्ड. बाहेरून कुणाला कळायचं नाही. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा मुलामा असतो. सोन्या-चांदीच्या पंगतीतले धातू. भंगारात त्याला वेगळा भाव मिळतो आणि तो विकत घेणारे लोक ठरलेले असतात. माझ्यासारखी दहा गिऱ्हाइकं आली की गॅरेजला वरकमाई सुटते. आपण नव्या सायलेन्सरच्या चकाकीकडे बघत असतो आणि खरी चोरी जुन्याच्या पोटात चालू असते.

वर कायदा आपल्याच मानेवर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ (४) प्रमाणे बेकायदा बदल केलेल्या गाडीच्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि धुराच्या कलम १९० (२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. पोलिसाने पकडलं तर कॅट कोणी काढला हे रस्त्यावर उभं राहून सिद्ध करायला आपल्याकडे काय असतं?

गॅरेजला वकिलामार्फत नोटीस गेली. उत्तर आलं की गिऱ्हाइकानेच कॅट काढायला सांगितला होता. तिथे तो व्हॉट्सअॅपचा मेसेज उभा राहिला. तो मेसेज, यूपीआयची नोंद, जुनं आणि नवं पीयूसी, आणि मामांनी काम करताना काढलेला व्हिडिओ, एवढं जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पक्कं बिल नव्हतं तरी तक्रार घेतली गेली. व्यवहार पाच लाखांच्या आतला असेल तर फी लागत नाही, वकील लावणं सक्तीचं नाही, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. आधी नुसती चौकशी करायची असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पोलिसांत तक्रार द्यायची तर फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेतलं ३१८.

ट्रॅकवरच्या चढाचा प्रश्न शेवटी मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) दोन दात मोठं बसवून सुटला. ओढा वाढला, आवाज वाढला नाही, खर्च दोन हजारांच्या आत.

ज्यांना तरीही सायलेन्सर बदलायचाच आहे त्यांनी गाडी देण्याआधी जुना एक्झॉस्ट स्वतःसमोर उतरवून घ्या, काट्यावर ठेवून वजनाचा फोटो काढा, हीट शिल्डखालची जागाही टिपा आणि तो तिथून लगेच घरी न्या. गॅरेजमध्ये एक रात्रसुद्धा ठेवू नका. आणि ज्यांनी आधीच काम करून घेतलंय आणि जुना सायलेन्सर माळ्यावर पडलाय, त्यांनी आजच खाली काढून त्यात तार घालून बघा. पोकळ निघाला तर तो पुसू नका, वेल्डिंग घासू नका, आहे तसा ठेवा. आयोगापुढे तोच पुरावा आहे.