आखूड पाय ‘लांब’ करून दाखवणाऱ्या कोर्सपासून सावध राहा

वऱ्हाडात तालुक्याच्या गावी मंगल कार्यालय भाड्याने घेऊन दोन दिवसांत ऑस्टिओपॅथी, म्हणजे हाताने सांधे-स्नायू दाबून, हलवून करायचे उपचार, शिकवणारे येतात. नवे फिजिओथेरपिस्ट, मालिशवाले, दवाखान्यातले कंपाउंडर पैसे भरतात ते बहुतेक एका प्रात्यक्षिकावर भाळून.

कंबर धरलेल्या एखाद्या काकांना बुटासकट उताणं झोपवतात. शिकवणारा दोन्ही टाचा जुळवून धरतो आणि पाय हळूच एका अंगाला नेतो. पाय कमरेच्या सरळ रेषेतून हलले की एक टाच वर दिसते. बूट ढिला असला तर तोही सरकतो. ‘‘पाहा जी, हा पाय आखूड हाय.’’ मग गुडघा पोटाशी दाबून एक हिसका, कट्‌कन आवाज, आणि पाय पुन्हा सरळ रेषेत. टाचा जुळल्या, टाळ्या! तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी झाल्याचा असतो, हाड बसल्याचा नव्हे.

तिथल्या तिथे पडताळा. बूट काढायला लावा. गुडघे वाकवून कंबर उचलून खाली टेकवायला सांगा, मग पाय तुम्ही सरळ करा. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक ते घोट्याचं आतलं हाड, असं दोन्ही बाजूंना टेपने दोनदा मोजा. चार-पाच मिलिमीटरचा फरक मोजण्याच्या चुकीतच जातो. टेप नको म्हणणाऱ्याकडे फी परत मागा.

खरी चीड येते ती हात कधी लावू नये हे शिकवतच नाहीत याची. एकच पोटरी सुजलेली असेल तर नडगीच्या वरच्या उंचवट्यापासून 10 सेंटिमीटर खाली घेर मोजा. दुसरीपेक्षा 3 सेंटिमीटरहून जास्त भरला तर शिरेत गुठळी असू शकते. कमी भरला म्हणूनही निर्धास्त राहू नका. मालिश केली तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉपलरला, म्हणजे शिरेतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीला, पाठवा. कापूस वेचताना जमिनीच्या भेगेत पाय मुरगळलेल्या बाईला चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाची मागची कडा खालच्या 6 सेंटिमीटरमध्ये दाबल्यावर दुखत असेल, तर आधी एक्स-रे. तिथे ‘सेटिंग’ केलं तर मोडलेलं हाड सरकतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑस्टिओपॅथीसाठीच्या 2010 च्या निकषांत नवख्याला 4,200 तासांचं शिक्षण सांगितलंय, त्यात किमान 1,000 तास देखरेखीखाली रुग्ण तपासणं. दोन दिवसांच्या कागदावर कुठल्याही परिषदेत नोंदणी होत नाही.

पैसे भरले असतील तर पत्रक, पावती, यूपीआयची नोंद जपून ठेवा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.