जुना कॉम्प्रेसर घेताना माझी झालेली फसवणूक

वडिलांची १९८४ सालची चेतक स्कूटर मी घरीच उभी करतोय. रिम, फोर्क, स्टँड यांचा गंज काढायला छोटं ब्लास्टिंग कॅबिनेट घेतलं, म्हणजे हवेच्या जोरावर बारीक कण मारून गंज काढायची पेटी. त्याच्या गनमधलं एअर जेट अडीच मिमीचं. साडेपाच बार दाबाला ते जवळपास १२ सीएफएम, म्हणजे मिनिटाला १२ घनफूट हवा खातं. म्हणून भोसरीकडच्या एका जुन्या मशीनवाल्याकडे गेलो. त्याने निळा चकचकीत कॉम्प्रेसर दाखवला. "तीन एचपी, बारा सीएफएम, एकशेसाठ लिटर टाकी. साहेब, बिनधास्त घेऊन जा, कंपनीत चालू असलेला माल आहे." गन लावून दाखवली, हवा जोरात आली. २६ हजार रोख दिले, कच्च्या चिठ्ठीवर.

आता कळतंय, टाकी मी पोचायच्या आधीच भरून ठेवली होती. भरलेल्या टाकीवर मिनिटभर कुठलाही कॉम्प्रेसर जोरात चालतो.

घरी तीन मिनिटांत दाबाचा काटा आठ बारवरून पाचवर आला. गंज निघेना, नुसती धूळ उडायची. मग थांबायचं, टाकी भरायची वाट बघायची, पुन्हा तेच. दोन रविवार मी गनमध्येच दोष शोधत होतो.

शेजारचे काका कारखान्यात फिटर होते. ते म्हणाले, "अरे, आधी घड्याळ लावून बघ." टाकी पूर्ण रिकामी केली, बाहेरचा व्हॉल्व्ह बंद केला आणि मशीन चालू केलं. शून्यावरून सात बारवर जायला ६ मिनिटं ४० सेकंद लागली. हिशेब सोपा आहे: १६० गुणिले ७ म्हणजे ११२० लिटर हवा, तिला लागलेल्या मिनिटांनी भागलं की मिनिटाला १६८ लिटर, आणि मिनिटाला २८.३ लिटर म्हणजे एक सीएफएम. म्हणजे सहासुद्धा नाही! हे पाच-सात मिनिटांचं काम दुकानातच करा, पैसे द्यायच्या आधी. दुकानदार "वेळ नाही" म्हणाला तर तिथून निघा.

प्लेटवरचा आकडा बऱ्याचदा पिस्टनच्या डिसप्लेसमेंटचा, म्हणजे पिस्टन कागदावर जेवढी हवा ओढतो त्याचा असतो. प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा, जिला एफएडी म्हणतात, ती त्याच्या साठ-सत्तर टक्के भरते. सिंगल स्टेज हेड, म्हणजे हवा एकाच टप्प्यात दाबणारा पंप, एका एचपीमागे साडेतीन-चार सीएफएमच्या वर देत नाही, हे लक्षात ठेवलं तर खोटा आकडा लगेच पकडता येतो. माझ्या बाबतीत तर एचपीही खोटा निघाला. इलेक्ट्रिशियनने करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला, भर लोडला साडेनऊ अँपिअर. ही दोन एचपीची मोटर. 'तीन एचपी'चं स्टिकर नखाने उचकटलं, तर खाली मूळ पत्र्यावरचे आकडे घासून काढलेले.

पैशांचं दुःख मी गिळलं असतं. पण नंतर जे दिसलं त्यासाठी हे लिहितोय.

टाकीखालचा पाणी सोडायचा ड्रेन कॉक उघडल्यावर तांबडं, चहासारखं पाणी आलं आणि त्याबरोबर गंजाचे पापुद्रे. काकांनी टाकीच्या पोटाला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावून खरवडलं. निळा रंग निघाला, त्याखाली हिरवा, आणि त्याखाली पत्रा नाहीच, पुट्टी! तळहाताएवढ्या जागेत गंजाचे खड्डे पुट्टीने भरून वर रंग मारलेला. दाब जास्त झाला की हवा सोडून देणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढली तर ती हललीच नाही, आतून जाम. या टाकीत आठ बार हवा भरून मी शेजारी उभा राहायचो, आणि माझी दहा वर्षांची मुलगी दारात बसून बघायची.

टाकी फाटते ती बहुतेक तळाशीच, कारण पाणी तिथे साचतं. जुनी टाकी घेणार असाल तर पाणी भरून, कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाला हायड्रॉलिक टेस्ट करून घ्या. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, म्हणून टाकी गळली तरी स्फोट होत नाही. हवा भरून टेस्ट कधीच करू नका. त्याच दुकानदाराने लाइनसाठी पीव्हीसी पाइपही गळ्यात मारला होता. हवेच्या दाबाखाली तो तडकला की तुकडे गोळीसारखे उडतात. लाइन जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपची टाका.

मशीन घेऊन परत गेलो. "विकलेला माल परत नाही," एवढंच उत्तर मिळालं. पक्कं बिल नव्हतं, त्यामुळे तक्रार करायला हातात काही नव्हतं.

मोटर आणि हेड ठेवून घेतलंय. टाकी मात्र गॅसने मधोमध कापून घेतली आणि मगच भंगारात दिली, नाहीतर पुन्हा रंग लागून ती दुसऱ्या कुणाच्या तरी घरात उभी राहिली असती.