ब्रँड कंपनीच्याच नावावर ठेवावा की वेगळ्या होल्डिंगमध्ये?

आमचा मसाल्यांचा धंदा, सातारा भागात. सीएच्या सल्ल्याने ट्रेडमार्क वेगळ्या होल्डिंग कंपनीत (जिच्याकडे फक्त ब्रँडची मालकी, धंदा नाही) ठेवला होता, तीन वर्षं तसं चालवलं आणि आता परत धंद्याच्या कंपनीत आणतोय, त्यामुळे दोन्हीकडचं जे अनुभवलं ते सांगतो.

होल्डिंगमागचा विचार चांगलाच आहे. किर्लोस्कर नाव किर्लोस्कर प्रोप्रायटरीकडे आहे आणि ग्रुपच्या कंपन्या करार करून ते वापरतात, टाटा नावाचं तसंच टाटा सन्सकडे. उद्या धंद्यावर कर्ज चढलं, कोणी केस टाकली तरी ब्रँड बाजूला राहावा हा हेतू. पण आमचं कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीच्या बँक कर्जाची मर्यादा, वाढवताना बँकेने होल्डिंगचीसुद्धा गॅरंटी मागितली, आम्ही दिली, मग बाजूला राहिलं काय?

खर्चाचं म्हणाल तर प्रायव्हेट लिमिटेडला उलाढाल नसली तरी ऑडिट लागतंच, एलएलपीला (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, तेवढं हलकं पडतं. नाव वापरल्याबद्दल धंद्याची कंपनी होल्डिंगला रॉयल्टी देते, त्यावर १८% जीएसटी, आम्हाला त्याचं क्रेडिट (भरलेला जीएसटी आपल्या जीएसटीतून वजा) मिळायचं म्हणून जाणवलं नाही, पण ५% जीएसटी लावणाऱ्या हॉटेलांना ते मिळत नाही, त्यांनी हे आधी बघावं.

मला खरं नको झालं ते वेगळंच. ट्रेडमार्कवर एक नाव, जीएसटी आणि फूड लायसन्सवर दुसरं. कुठल्याही ऑनलाइन पोर्टलवर माल चढवायचा, मॉलमध्ये लिस्टिंग करायचं, की ब्रँड ओनरचं नाव जुळत नाही, एनओसी (ना-हरकत पत्र) आणा. एनओसी देणारा मी, घेणारा मी, तरी लेटरहेड, स्टॅम्प, बोर्ड रिझोल्यूशन सगळं दरवेळी नव्याने, आणि दिवाळीच्या तोंडावर एक लिस्टिंग ह्यातच बारा दिवस अडकलं, ते काही मनातून जात नाही.

दोन-तीन वेगळे धंदे एकाच नावाने चालवायचे असतील किंवा भावाभावांत पुढे वाटणी होणार असेल तर होल्डिंग बरी पडेल, नाही म्हणत नाही. फक्त मग ती पहिल्या दिवसापासून करा. नंतर हलवायचं तर प्रत्येक ट्रेडमार्कला ऑनलाइन ९,००० फी, वर स्टॅम्प ड्युटी, आणि कंपनी दिवाळखोरीत गेली तर घरच्याच कंपनीला दिलेली मालमत्ता मागच्या दोन वर्षांपर्यंत तपासली जाऊ शकते. एकच ब्रँड, एकच कारखाना असेल तर मला तरी कंपनीचंच नाव बरं वाटतं.

आमचा टीएम-पी (ट्रेडमार्कचा मालक बदलायचा फॉर्म) भरून झालाय, रजिस्टरवर नाव बदलेपर्यंत एनओसी अजून जोडावी लागतेय.